कळ पायात, मूळ नितंबात
स्नायूमुळे होणारी सायटिका : ओळख, उपचार आणि रोजच्या कामाची नवी मांडणी

'नस दबली आहे' हे निदान आपल्याकडे रुग्ण दवाखान्यात येण्यापूर्वीच झालेले असते. शेजारच्या काकूंनी ते केलेले असते, औषधाच्या दुकानदाराने केलेले असते, कधी मालीश करणाऱ्याने केलेले असते. नितंबातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरते, पायाला मुंग्या येतात, बसवत नाही आणि उठताना पाय क्षणभर आपला वाटत नाही. या लक्षणांचा अर्थ 'नस दबली' असा लावणे चुकीचे नाही. मात्र ती नस कुठे दबली, कशाने दबली आणि का दबली, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही.

बहुतेकांच्या मनात या दुखण्याचे एकच कारण असते : मणक्यातील सरकलेली चकती. सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये ते कारण खरेही असते. परंतु काही रुग्णांची कंबर निर्दोष असते आणि दुखण्याचे मूळ नितंबातील एका लहानशा, खोल दडलेल्या स्नायूत असते. अशा रुग्णाला 'मणक्याचा आजार' म्हणून महिनोन्महिने पट्टा बांधून झोपवून ठेवले, तर स्नायू अधिकच दुर्बळ होतात आणि दुखणे तसेच राहते. म्हणूनच, वाचकहो, या स्नायूची ओळख प्रत्येक कुटुंबाला असणे उपयुक्त आहे. सोलापूरसारख्या शहरात, जिथे असंख्य हात तासन्‌तास जमिनीवर बसून किंवा यंत्रापुढे उभे राहून राबतात, तिथे तर ती विशेष आवश्यक आहे.

शरीरातील सर्वांत जाड चेतातंतू

बोलीभाषेत आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूलाही नसच म्हणतो. सायटिकाचा संबंध रक्तवाहिनीशी नाही, चेतातंतूशी आहे. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्याजवळून आणि त्याखालच्या त्रिकास्थीच्या वरच्या तीन छिद्रांतून निघणाऱ्या मुळ्या एकत्र येऊन हा तंतू बनतो. तो शरीरातील सर्वांत जाड चेतातंतू असून त्याची रुंदी आरंभी जवळपास बोटाएवढी असते. ओटीपोटाच्या हाडांमधील एका खिडकीवजा फटीतून तो नितंबात उतरतो, मांडीच्या मागून गुडघ्यापर्यंत येतो आणि तिथे दोन शाखांत विभागून पावलापर्यंत पोहोचतो.

याच फटीतून एक स्नायूही बाहेर पडतो. त्याचे नाव पिरिफॉर्मिस, म्हणजे नाशपातीच्या आकाराचा. त्रिकास्थीच्या पुढच्या बाजूपासून निघून तो खुब्याजवळच्या हाडाच्या उंचवट्यावर जाऊन बसतो. उभे असताना मांडी बाहेरच्या बाजूस वळवणे, बसलेल्या स्थितीत मांडी बाजूला नेणे आणि चालताना खुब्याचा सांधा स्थिर ठेवणे ही त्याची कामे होत. बहुतेकांच्या शरीरात सायटिक तंतू या स्नायूच्या खालून जातो. मात्र सुमारे सहा माणसांपैकी एकाच्या शरीरात ही रचना वेगळी असते. तंतू आधीच दोन भागांत विभागलेला असतो आणि त्यातील एक भाग स्नायूला भेदून किंवा त्याच्या वरून जातो. बीटन आणि अ‍ॅन्सन या शरीररचनातज्ज्ञांनी १९३७-३८ मध्ये या प्रकारांचे केलेले वर्गीकरण आजही वापरले जाते. अशी रचना असलेल्या प्रत्येकाला त्रास होत नाही, हेही लक्षात ठेवावे. रचना जन्मजात असते. दुखणे सुरू होते ते स्नायू आखडल्यावर, सुजल्यावर किंवा त्याला मार लागल्यावर.

एकाच वर्षी दोन कारणे

हे दुखणे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. चरकसंहितेत 'गृध्रसी' या नावाने त्याचे वर्णन आहे. नितंबापासून सुरू होऊन कंबर, मांडी, गुडघा, पोटरी आणि पाऊल अशा क्रमाने उतरणारी वेदना तिथे नेमकी टिपलेली आहे. अशा रुग्णाची चाल गिधाडासारखी होते, असा या नावाचा अर्थ लावला जातो. युरोपात १७६४ मध्ये नेपल्सचे वैद्य दोमेनिको कोतुन्यो यांनी या दुखण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून ते सांध्याच्या दुखण्यापासून वेगळे केले.

१९२८ मध्ये योमन यांनी सायटिकाच्या वेदनेत पिरिफॉर्मिस स्नायूचा हात असू शकतो, असे मांडले. १९३४ मध्ये फ्रायबर्ग यांनी त्या स्नायूची तपासणी वर्णिली. परंतु त्याच १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी सरकलेल्या चकतीमुळे चेतातंतूचे मूळ दबते, हे शस्त्रक्रियेच्या आधारे दाखवून दिले आणि सर्वांचे लक्ष मणक्याकडे वळले. १९४७ मध्ये रॉबिन्सन यांनी 'पिरिफॉर्मिस सिंड्रोम' हे नाव रूढ केले, तरी हा स्नायू बराच काळ उपेक्षितच राहिला. आजही या निदानाबाबत तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, कारण ते सिद्ध करणारी एखादी रक्ततपासणी किंवा एखादे छायाचित्र नाही. नितंबात तंतूला अडवणारे इतर स्नायू व तंतुमय पट्टेही असू शकतात. त्यामुळे अनेक डॉक्टर आता या सर्वांना मिळून 'नितंबाच्या खोल भागातील दाब' असे व्यापक नाव देणे पसंत करतात.

सोलापूरचे बसणे आणि उभे राहणे

१८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि हे शहर श्रमिकांचे शहर बनले. गिरण्या बंद पडल्या, पण श्रम थांबले नाहीत. आज चादरी आणि टॉवेल यंत्रमागांवर विणले जातात आणि शहराच्या पूर्व भागात, विडी घरकुलमध्ये, कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत घरोघरी स्त्रिया विड्या वळतात.

विडी वळणाऱ्या स्त्रीची बैठक आठवून पाहा. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपाने आणि तंबाखू, एक पाय दुमडलेला, दुसरा गुडघा अनेकदा उभा, मान खाली आणि शरीराचा भार एका नितंबावर. बैठक फरशीची, फार तर एखाद्या पोत्याची. पाने भिजवणे, कापणे, वळणे आणि दोरा बांधणे हे सारे धरले तर हजार विड्यांचा दिवस आठ-दहा तासांचा होतो. या काळात नितंबाच्या खोल भागावर एकाच जागी दाब पडत राहतो, स्नायू एकाच लांबीत आखडून राहतो आणि मोठे स्नायू निष्क्रिय बसल्याने दुर्बळ होतात. पुढे पाण्याची घागर उचलताना किंवा जिना चढताना या दुर्बळ स्नायूंचे काम लहान पिरिफॉर्मिसवर येऊन पडते आणि तो आकसतो.

यात मांडी घालून बसण्याचा दोष नाही. जमिनीवर बसणे ही आपली जुनी आणि चांगली सवय आहे, तिने खुब्याचे सांधे लवचीक राहतात. दोष आहे तो न उठता, एकाच बाजूला कलून, तासन्‌तास बसण्याचा. हीच गोष्ट रिक्षाचालकाची, एसटीच्या चालकाची, शिलाईयंत्रावर बसणाऱ्या ताईंची आणि संगणकापुढे बसणाऱ्या तरुणाची. पँटच्या मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून दुचाकीवर वा गाडीत बसणारे पुरुष एका नितंबाखाली जणू दगडच ठेवून बसतात. या सवयीमुळे होणाऱ्या सायटिकाची नोंद वैद्यकीय साहित्यातही आहे.

यंत्रमाग कामगाराची गोष्ट निराळी. तो बसत नाही. सिमेंटच्या जमिनीवर पूर्ण पाळीभर उभा राहून मागांमधून येरझारा घालतो, वाकतो, वळतो. इथे स्नायू दबत नाही, तर अतिश्रमाने थकतो. एरवी फारसे न चालणारी व्यक्ती आषाढीला एकदम मैलोन्‌मैल चालली तरी हेच घडू शकते. नितंबावर आपटून पडणे हेही एक कारण आहे आणि त्या अपघाताचा विसर पडल्यानंतर काही आठवड्यांनी दुखणे डोके वर काढू शकते.

चकती की स्नायू?

घरी बसून निदान करू नये, परंतु डॉक्टरांना नेमकी माहिती देता यावी म्हणून पुढील खुणांकडे लक्ष द्यावे.

दुखणे स्नायूमुळे असेल, तर वेदनेचा मुख्य जोर कमरेत नसून नितंबाच्या मध्यभागी असतो. पंधरा-वीस मिनिटे बसले की ते वाढते, उठून थोडे चालले की हलके होते. माकडहाडाच्या वरचे त्रिकास्थी आणि खुब्याचा उंचवटा यांच्या मध्यावर अंगठ्याने दाबले तर नेमकी तीच कळ उठते. पायावर पाय टाकताना, गाडीतून उतरताना, जिना चढताना त्रास होतो. पायाला मुंग्या येतात, पण पायाची शक्ती सहसा कमी होत नाही.

दुखणे चकतीमुळे असेल, तर पुढे वाकताना, खोकताना, शिंकताना किंवा शौचाला जोर करताना कळ सणकन पायात उतरते. बधिरपणा बहुधा पायाच्या ठरावीक पट्ट्यात असतो : पोटरीची बाहेरची बाजू, अंगठा किंवा करंगळी. टाचेवर किंवा चवड्यावर चालताना पाय दुबळा वाटू शकतो.

डॉक्टर रुग्णाला उताणे झोपवून सरळ पाय हळूहळू वर उचलतात. ही तपासणी लासेग यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती प्रामुख्याने चकतीकडे निर्देश करते. त्यानंतर कुशीवर झोपवून गुडघा पोटाकडे, मग आतल्या बाजूस वळवून पाहतात. या स्थितीत पिरिफॉर्मिस ताणला जातो आणि दोषी असेल तर नितंबात तीच ओळखीची वेदना उमटते. याखेरीज खुब्याचा सांधा, कमरेखालचा त्रिकास्थीचा सांधा, पायातील नाडी, स्नायूंची शक्ती आणि गुडघ्या-घोट्याचे झटके तपासले जातात. दोन्ही खुणांची सरमिसळ असणेही शक्य आहे, कारण एकाच माणसाची चकतीही झिजलेली आणि स्नायूही आखडलेला असू शकतो.

आणखी काही दुखणी सायटिकाचा वेष घेऊन येतात. खुब्याच्या सांध्याची झीज, दीर्घकाळच्या मधुमेहाने बाधित झालेले चेतातंतू, मणक्याचा क्षयरोग आणि पुरळ उठण्यापूर्वीची नागीण ही त्यांपैकी काही. म्हणून मधुमेह, पूर्वीचा क्षयरोग, कर्करोग, गरोदरपण आणि चालू औषधे यांची माहिती डॉक्टरांना न विचारताही द्यावी.

एमआरआयचा अहवाल वाचताना

पाय दुखू लागला की पहिल्याच आठवड्यात एमआरआय काढण्याचा आग्रह अनेक कुटुंबे धरतात. त्यासाठी प्रसंगी कर्ज काढतात किंवा दागिना गहाण टाकतात. पुढे कागदावर 'चकती फुगली आहे' असे शब्द आले की घरात भीती पसरते. यासंबंधी एक गोष्ट माहीत असावी. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी अजिबात नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले गेले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीत फुगवटा आढळला आणि सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के निघाले. म्हणजे छायाचित्रात दिसणारा फुगवटा हे वयाबरोबर येणाऱ्या पांढऱ्या केसासारखे लक्षण असू शकते. छायाचित्र आणि शरीराची तपासणी यांचा मेळ बसला तरच त्या फुगवट्याला दोषी धरता येते.

याचा अर्थ एमआरआय निरुपयोगी आहे असा नव्हे. पुढे दिलेल्या धोक्याच्या खुणा असतील, पायाची शक्ती कमी होत असेल, किंवा सुमारे सहा आठवड्यांच्या योग्य उपचारानंतरही आराम नसेल, तर ती तपासणी अवश्य करावी. तेव्हाही 'मला कशासाठी हवी आहे?' हा प्रश्न डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, ज्याला सोलापूरकर सिव्हिल म्हणतात, तिथल्या अस्थिरोग विभागात आधी तपासून घ्यावे आणि मगच खर्चाचा निर्णय घ्यावा.

उपचाराच्या पायऱ्या

पहिली पायरी विश्रांतीची, पण अंथरुणाला खिळण्याची नव्हे. कळ तीव्र असताना एक-दोन दिवस काम कमी करावे. त्यानंतर सोसेल तेवढे चालणे-फिरणे सुरू ठेवावे. दीर्घ विश्रांतीने स्नायू आणखी आखडतात.

दुसरी पायरी शेकाची. कोमट पाण्याची पिशवी पातळ कापडात गुंडाळून नितंबावर १५ ते २० मिनिटे ठेवावी. मार लागून दुखणे सुरू झाले असेल तर पहिल्या दोन दिवसांत थंड शेक बरा वाटतो. मधुमेहामुळे त्वचेची संवेदना कमी झालेल्यांनी शेक घेताना दुसऱ्याच्या हाताने उष्णता तपासून घ्यावी, अन्यथा भाजल्याचेही कळत नाही.

तिसरी पायरी व्यायामाची, आणि हाच उपचाराचा कणा आहे. शक्य असेल तर पहिल्या वेळी भौतिकोपचारतज्ज्ञांकडून शिकून घ्यावा.

१. उताणे झोपून दोन्ही गुडघे दुमडावेत. दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा. आता खालच्या पायाची मांडी दोन्ही हातांनी धरून हळूहळू छातीकडे आणावी. दुखऱ्या नितंबात ताण जाणवेल. श्वास न रोखता २० ते ३० सेकंद थांबावे. असे तीन वेळा, दिवसातून दोनदा.

२. उताणे झोपूनच दुखऱ्या पायाचा गुडघा दुमडून विरुद्ध खांद्याच्या दिशेने आणावा. कालावधी तोच.

३. ताण सोसू लागला की बळ वाढवावे. गुडघे दुमडून, पावले जमिनीवर टेकवून कंबर वर उचलावी, पाच सेकंद थांबून खाली आणावी. योगाभ्यासातील सेतुबंधासनाचाच हा सोपा प्रकार आहे. दहा वेळा करावे.

४. न दुखणाऱ्या कुशीवर झोपून गुडघे दुमडावेत, टाचा जुळलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडावा. दहा वेळा करावे.

ताण गोड असावा, कडू नसावा. व्यायाम करताना कळ पोटरीकडे उतरत गेली किंवा मुंग्या वाढल्या, तर थांबावे आणि तज्ज्ञांना दाखवावे. कळ पावलातून वर सरकत नितंबापुरती उरली, तर ती सुधारणेची खूण समजावी. तीव्र अवस्थेत पश्चिमोत्तानासनासारखी पुढे वाकण्याची आसने टाळावीत. बहुतेकांना काही आठवड्यांच्या नियमित व्यायामाने आराम पडतो. मात्र दुखणे थांबल्यावर व्यायाम थांबवला तर ते परतण्याची शक्यता राहते.

चौथी पायरी औषधांची. वेदनाशामक गोळ्या थोड्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी व दीर्घकाळ घेतल्यास जठराला व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर परिणाम होतो. सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. घाम गाळून पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडांना या गोळ्यांचा धोका अधिक. रक्तदाब, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर स्त्रियांनी त्या परस्पर घेऊ नयेत.

एवढ्याने भागले नाही, तर सोनोग्राफीच्या साहाय्याने नेमक्या स्नायूत बधिर करणारे औषध, कधी स्टेरॉइड, कधी बोटुलिनम हे द्रव्य टोचले जाते. अशा इंजेक्शनने आराम पडला तर निदानालाही पुष्टी मिळते. स्नायू सोडवण्याची शस्त्रक्रिया फार थोड्यांना, सर्व उपाय थकल्यावरच लागते.

काय टाळावे

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय कमरेला लावून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. साधी उसण चार दिवसांत आपोआपच जाते, त्यामुळे त्या रीतीला यश मिळाल्यासारखे वाटते. परंतु 'नस बसवतो' म्हणून पाय हिसकणे, पाठीवर उभे राहणे, कोपराने नितंब रगडणे किंवा डाग देणे हे घातक आहे. आधीच चिडलेल्या तंतूवर असा मारा झाला तर कायमचा दुबळेपणा येऊ शकतो. हलक्या हाताचे तेलमालीश मात्र सुखावह असते, त्याला हरकत नाही.

निनावी पुड्या आणि 'गुडघे-कंबरेच्या' रंगीत गोळ्या यांपासून दूर राहावे. त्यांत स्टेरॉइड मिसळल्याची उदाहरणे आढळली आहेत. पहिल्या आठवड्यातील चमत्कारिक आरामाची किंमत पुढे मधुमेह, ठिसूळ हाडे आणि रोगप्रतिकारशक्तीचा ऱ्हास या रूपाने मोजावी लागते.

आणखी एक सवय मोडायला हवी. ताप, अशक्तपणा, अंगदुखी अशा प्रत्येक कारणासाठी 'कमरेत सुई द्या' असा आग्रह आपण डॉक्टरांकडे धरतो. नितंबात चुकीच्या जागी दिलेले इंजेक्शन थेट सायटिक तंतूला इजा करू शकते. लहान व कृश मुलांमध्ये हा धोका अधिक असतो. गोळीने भागत असेल तिथे सुई मागू नये. नितंबात सुई घ्यावीच लागली तर ती वरच्या व बाहेरच्या चतुर्थांशातच दिली जावी. सुई टोचताना पायात वीज चमकल्यासारखी कळ गेली तर तत्काळ सांगावे.

थांबू नये अशा खुणा

पुढीलपैकी काहीही घडल्यास व्यायाम, शेक, गोळ्या सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे :

• लघवी अडणे, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे
• जांघा, गुदद्वार व जननेंद्रियांभोवतीचा भाग बधिर होणे
• पाऊल लुळे पडणे, चप्पल पायातून निसटणे, पायाची शक्ती झपाट्याने कमी होणे
• दोन्ही पायांत एकाच वेळी कळ व दुबळेपणा
• दुखण्याबरोबर ताप, किंवा मोठा अपघात वा उंचावरून पडणे

पहिल्या दोन खुणा मणक्याच्या तळाशी असलेल्या तंतूंच्या जुडग्यावर मोठा दाब आल्याचे सांगतात. तिथे तासांचा उशीरही आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो. संकोचामुळे स्त्रिया या तक्रारी बोलत नाहीत. त्या बोलल्या जाव्यात, एवढा विश्वास घरात असावा. याशिवाय वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी संततची वेदना, संध्याकाळचा बारीक ताप असल्यास काही दिवसांच्या आत तपासणी करून घ्यावी.

दोन कट्टे झाले की उठावे

'कामातून उठा' हा सल्ला देणे सोपे आहे. ज्या घरात हजार विड्यांमागे मजुरी मिळते, तिथे उठणे म्हणजे पैसे सोडणे. तेव्हा हिशेबच मांडून पाहू. दिवसाला हजार विड्या आठ-दहा तासांत होत असतील, तर ५० विड्यांना, म्हणजे २५ विड्यांच्या दोन कट्ट्यांना, साधारण २५ ते ३० मिनिटे लागतात. दर दोन कट्ट्यांनंतर एक मिनिट उठून चार पावले चालले, कंबर मागे ताणली, तर दिवसात २० मिनिटे जातात. तेवढ्या वेळात ३५-४० विड्या कमी होतील. वर्षाच्या ३०० कामाच्या दिवसांत ही घट साधारण ११ ते १२ हजार विड्यांची. दुखणे बळावून एखादी स्त्री दोन आठवडे अंथरुणाला खिळली, तर कामाचे बारा दिवस धरले तरी १२ हजार विड्या बुडतात. औषधांचा आणि तपासण्यांचा खर्च वेगळाच. म्हणजे उठण्याचा वर्षभराचा खर्च एका आजारपणाएवढाच आहे आणि त्यात पाय शाबूत राहतो, हा नफा.

उठण्याबरोबर बैठकही बदलावी. जुनी सोलापुरी चादर घडी घालून तीन-चार इंच उंचीची बैठक करावी, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित उंच राहते. पाठ भिंतीला टेकेल अशी जागा निवडावी. दुमडलेला व उभा पाय दर खेपेला आलटून-पालटून घ्यावा. दिवसाचा काही भाग खुर्चीवर किंवा कॉटच्या कडेला बसून, सूप उंच पाटावर ठेवून काम करून पाहावे. यंत्रमागावर उभे राहणाऱ्यांनी मऊ तळव्याची चप्पल वापरावी, थांबल्या वेळी एक पाय विटेएवढ्या उंचीवर ठेवून भार बदलत राहावा. वाहनचालकांनी पाकीट पुढच्या खिशात ठेवावे आणि थांब्यावर उतरून दोन मिनिटे चालावे.

या दुखण्यात कुटुंबाचा वाटाही मोठा आहे. बाहेरून पाय धडधाकट दिसतो, सूज नसते, जखम नसते, म्हणून 'कामचुकारपणा' असा शिक्का बसायला वेळ लागत नाही. विडी वळून उठलेल्या बाईलाच पाणी भरावे लागते, धुणे पिळावे लागते, चुलीपुढेही बसावे लागते. तिच्या स्नायूला विश्रांती मिळते ती फक्त झोपेत. घागर मुलाने उचलली, धुण्याची बादली पतीने हलवली, तर तो शेक-गोळ्यांइतकाच प्रभावी उपचार ठरतो. संध्याकाळी आई व्यायामाला चटईवर पडेल, तेव्हा तिची ती वीस मिनिटे कुणी मोडू नयेत, एवढे घरातील सर्वांनी मिळून ठरवावे.